पहिल्या प्रदर्शनाचा खटला

मागें एकदां चित्रप्रदर्शन पाहण्याकरितां मी नांदूरघाटाहून मुंबईस निघालों, तेव्हां आमच्या तात्यांनीं ओसरीवरूनच विचारलें, "अरे, चित्रें पाहायला एवढा लांब कशाला जातोस? आपलें वेरूळ काय ओस पडलें आहे?" प्रश्न थट्टेचा होता, तथापि वाटभर तो माझ्या मनांतून जाईना. केज तालुक्यांतील आमच्या गांवीं प्रदर्शन म्हटलें कीं बहुधा जनावरांचेंच डोळ्यांपुढें येतें. घरोघरीं देवादिकांच्या तसबिरी असतात, दुकानदारानें दिलेलें कॅलेंडर खिळ्याला टांगलेलें असतें. परंतु एका माणसानें आपल्या हातचीं चित्रें एका दालनांत ओळीनें लावावीं, खालीं आपलें नांव लिहावें, ज्याला वाटेल त्यानें तीं येऊन पाहावीं आणि ज्याला रुचणार नाहींत त्यानें खुशाल नांवें ठेवावीं, हा प्रकार आमच्याकडे नाहीं. अशा एका प्रदर्शनाची हकीकत आज मी श्रोत्यांस सांगणार आहें. तींत तात्यांच्या वेरुळाचाही संबंध येतो, आणि तो असा येईल असें मला त्या दिवशीं वाटलें नव्हतें.

हें प्रदर्शन १९५४ सालीं मुंबईंतील जहांगीर आर्ट गॅलरींत भरलें होतें. चित्रकाराचें नांव अकबर पदमसी. त्यांचा जन्म १९२८ सालीं मुंबईंतच झाला व त्यांचें शिक्षण सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें झालें. पुढील आयुष्यांत हे गृहस्थ चित्रपट, छायाचित्र आणि संगणक अशा एकेका माध्यमाकडे वळत गेले, आणि ज्यांस हल्लीं माध्यम-कलावंत म्हणतात त्यांच्या आपल्याकडील अगदीं पहिल्या पिढींत त्यांची गणना करावी लागते. पण तें सगळें नंतरचें. १९५४ सालीं ते पॅरिसहून आलेले, पंचविशी नुकतीच ओलांडलेले एक तरुण चित्रकार होते, एवढेंच लोकांस ठाऊक होतें. आणि तेंही फार थोड्या लोकांस.

त्या काळीं मुंबईंत तरुण चित्रकारानें आपलें काम लोकांपुढें मांडावयाचें म्हणजे मुख्यतः संस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांत एखाददुसरें चित्र पाठवावयाचें. बॉम्बे आर्ट सोसायटी ही संस्था १८८८ पासून अशीं प्रदर्शनें भरवीत आली होती. तेथें परीक्षक निवड करीत, शेंकडों चित्रांत आपलें एक चित्र भिंतीवर लागे, बक्षीस मिळालें तर वर्तमानपत्रांत नांव येई. यांत एक प्रकारची सुरक्षितता होती. चित्र वाईट ठरलें तरी तें गर्दींत वाईट ठरे, आणि तें भिंतीवर लावण्याची जबाबदारी संस्थेची असे. एकट्याच्या प्रदर्शनाची गोष्ट निराळी. तेथें चारी भिंती एकाच माणसाच्या; आणि जें कांहीं बरेंवाईट होईल त्याचा धनीही तोच.

१९५२ सालीं काळा घोडा भागांत, वस्तुसंग्रहालयाच्या आवारालगत, जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. सर कावसजी जहांगीर यांनीं आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ ती बांधवली. इमारतीची योजना दुर्गा बाजपेयी यांची. शहरांतील चित्रकारांस हक्काची भिंत प्रथमच मिळाली असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. त्याच्या पांच वर्षें आधीं सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनीं प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला होता. यांपैकीं हुसेन हे मूळचे पंढरपूरचे. पदमसी या मंडळींच्या निकटचे. आणि १९५१ सालीं रझांप्रमाणें तेही पॅरिसला गेले. दुसऱ्याच वर्षीं तेथें एका कलाविषयक नियतकालिकानें ठेवलेलें बक्षीस त्यांस एका फ्रेंच चित्रकाराबरोबर विभागून मिळालें, आणि तें देणारे होते आंद्रे ब्रेतों. स्वप्नवादी पंथाच्या या अध्वर्यूकडून शाबासकी मिळालेला तरुण मुंबईंत परत येऊन आपलें पहिलें स्वतंत्र प्रदर्शन मांडतो, ही घटना एरवीं चार ओळींच्या बातमीची. ती इतिहासांत गेली ती निराळ्याच कारणानें.

प्रदर्शनांत 'लव्हर्स' या नांवाचीं दोन चित्रें होतीं. त्या काळच्या पदमसींच्या चित्रांत आकृति जाड रेषांनीं बांधलेल्या, चेहरे गंभीर, जवळजवळ मुखवट्यांसारखे असत. या चित्रांत एक विवस्त्र स्त्री व एक विवस्त्र पुरुष असून पुरुषाचा हात स्त्रीच्या वक्षावर होता. आक्षेप त्या हाताला होता. पोलिसांनीं चित्रें काढून ठेवण्यास सांगितलें. पदमसींनीं नकार दिला.

या नकाराचें मोल नीट समजून घेतलें पाहिजे. चित्रें उतरवलीं असतीं तर प्रकरण तेथेंच मिटलें असतें. बाकीचें प्रदर्शन सुरळीत चाललें असतें, कदाचित् दोनचार चित्रें विकलींही गेलीं असतीं, आणि दोन रिकाम्या जागांकडे कोणाचें लक्षही गेलें नसतें. नव्या चित्रकाराला पहिल्या प्रदर्शनांत याहून अधिक काय हवें असतें? शिवाय शहाण्या माणसांचा सल्ला अशा वेळीं नेहमीं एकच असतो: आतां घ्या काढून, पुढें पाहूं. मला स्वतःला तो सल्ला मानण्याचा मोह झाला असता हें मी कबूल करतों. पदमसींनीं तो मोह टाळला, आणि भारतीय दंडविधानाच्या २९२ व्या कलमाखालीं त्यांच्यावर खटला भरण्यांत आला. गुन्हा शाबित झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्हीही, अशी त्या वेळीं या कलमांत तरतूद होती.

हें कलम मुंबईच्या लोकांस अपरिचित नव्हतें. याच्याच आधारें 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांस १९३१ सालीं एकदां आणि १९३४ सालीं पुन्हां एकदां न्यायालयांत उभें राहावें लागलें होतें. दुसऱ्या वेळीं त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दोन्ही वेळां कर्वे हरले आणि त्यांनीं दंड भरला. तेव्हां वीस वर्षांनंतर त्याच शहरांत त्याच कलमाला तोंड देणाऱ्या चित्रकारापुढें पूर्वींचा दाखला होता तो धीर देणारा खास नव्हता.

अश्लील कशाला म्हणावें हें कलमांत सांगितलेलें नव्हतें. त्यासाठीं न्यायालयें १८६८ सालच्या हिकलिन नांवाच्या एका इंग्रजी खटल्यांतील कसोटीकडे पाहत. ती कसोटी थोडक्यांत अशी कीं, ज्यांचीं मनें अशा वाईट परिणामाला सहज बळी पडण्याजोगीं आहेत त्यांस बिघडवण्याकडे त्या वस्तूचा कल आहे कीं काय, हें पाहावें. म्हणजे चित्राचा न्याय करावयाचा तो जाणत्याच्या डोळ्यानें नव्हे, सामान्य प्रेक्षकाच्याही नव्हे, तर सर्वांत कच्च्या मनाच्या माणसाच्या डोळ्यानें. हा कच्च्या मनाचा माणूस न्यायालयांत कधींच येत नाहीं. त्याच्या वतीनें दुसरेच कोणी बोलतात. जहांगीर गॅलरीच्या पायऱ्या चढून येणाऱ्यांत तो होता कीं नाहीं हें तरी कोण सांगणार?

आणि आतां तात्यांचा प्रश्न. वेरुळास जो कोणी गेला असेल त्यानें एकविसावें रामेश्वर लेणें पाहिलें असेल, कैलासाच्या भिंती पाहिल्या असतील. तेथें दगडांत कोरलेलीं प्रेमिकांचीं युगुलें आहेत, आणि तीं बाराशें वर्षांहून अधिक काळ आबालवृद्धांच्या डोळ्यांसमोर आहेत. आमच्याच बीड जिल्ह्यांत धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिरावर सुरसुंदरी उभ्या आहेत. सणावारीं गांवोगांवचीं माणसें अशा ठिकाणीं जातात, लेंकरांना खांद्यावर घेऊन जातात, आणि त्यांचीं मनें बिघडल्याचें आजवर कोणी ऐकलेलें नाहीं. मग त्या मूर्तींवर २९२ वें कलम कां लागत नाहीं? त्याचें उत्तर कलमांतच आहे. त्याला एक अपवाद जोडलेला होता. देवळावर किंवा देवळांत कोरलेली, रंगवलेली आकृति, देवाच्या रथावरील आकृति, धार्मिक उपयोगासाठीं ठेवलेली कोणतीही कृति यांस हें कलम लागू होत नसे. कलेचा उल्लेख त्या अपवादांत नव्हता.

याचा अर्थ असा झाला कीं, तोच हात आणि तोच वक्ष दगडांत असून माथ्यावर शिखर असेल तर तो वारसा, आणि कापडावर असून खालीं सही असेल तर तो गुन्हा. वेरूळ घडवणाऱ्या शेंकडों कारागिरांपैकीं एकाचेंही नांव आपणांस सांगतां येत नाहीं; त्यांच्यावर खटला भरावयाचा म्हटलें तरी समन्स कोणाच्या नांवें काढणार? एकट्याच्या प्रदर्शनांत मात्र नांव आरंभींच दारावर लिहिलेलें असतें. १९५४ सालीं आमचें नांदूरघाट आणि वेरूळ दोन्हीही हैदराबाद राज्यांत होतीं, मुंबई दुसऱ्या राज्यांत होती. मराठवाडा मुंबई राज्यांत आला तो १९५६ सालीं. परंतु दंडविधान १९५१ पासून दोन्हीकडे एकच होतें. एकाच कायद्याखालीं एका राज्यांत युगुलांचीं शिल्पें सरकारी खर्चानें जतन होत होतीं, आणि शेजारच्या राज्यांत युगुलाचें चित्र काढणारा आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा होता. यांत कोणाचा दुष्टपणा होता असें मी म्हणत नाहीं. कायदा लिहिणाऱ्यानें देऊळ पाहिलें होतें. चित्रदालन त्याच्या डोळ्यांपुढें नव्हतें.

मॅजिस्ट्रेटनें पदमसींस निर्दोष ठरवलें. सरकारला तें मान्य झालें नाहीं, म्हणून प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें. तेथेंही निकाल चित्रकाराच्याच बाजूनें लागला. कर्व्यांस जें मिळालें नव्हतें तें पदमसींस मिळालें. पहिल्याच प्रदर्शनाच्या पायीं ज्याला दोन न्यायालयांचे उंबरठे झिजवावे लागले, असा दुसरा चित्रकार आपल्याकडे मला तरी आठवत नाहीं. या निकालानें कायदा मात्र बदलला नाहीं. १९६४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें लॉरेन्सच्या एका कादंबरीच्या प्रकरणीं हिकलिनची कसोटी कांहीं फेरफारांसह पुन्हां उचलून धरली, आणि ती कादंबरी विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली. पुढें १९६९ सालीं दोन गोष्टी घडल्या. चंद्रकांत काकोडकर यांच्या, 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकांत आलेल्या कथेवरील खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें लेखकाला सोडून दिलें. आणि त्याच वर्षीं संसदेनें २९२ व्या कलमाच्या अपवादांत देवळाच्या जोडीला शास्त्र, वाङ्मय, कला व विद्या यांस जागा दिली. पण शिक्षा वाढवलीही: तीन महिन्यांचीं दोन वर्षें झालीं. एका हातानें दार उघडावें आणि दुसऱ्या हातानें उंबरठा उंच करावा, त्यांतला हा प्रकार.

कायद्यानें कलेला जागा दिली त्याच १९६९ सालीं पदमसी यांस जवाहरलाल नेहरू शिष्यवृत्ति मिळाली. दुसरा कोणी असता तर त्यानें त्या पैशांत एखादी चित्रमालिका केली असती. यांनीं चित्रपटाचीं साधनें खरेदी केलीं, आणि मुंबईंत नेपियन सी रोडवरील एका घरांत 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' या नांवाची कर्मशाळा उघडली. चित्रकार, चित्रपटवाले, छायाचित्रकार यांनीं एकत्र यावें, एकमेकांचीं साधनें हाताळावीं, चुकावें, पुन्हां करावें, असा तिचा हेतु. कुमार शहानी तेथें येत. नलिनी मालानी या त्या वेळीं अगदीं तरुण असलेल्या चित्रकर्तीनें तेथेंच आपले पहिले प्रयोगपट केले. तीस वर्षांनीं सआदत हसन मंटोच्या 'टोबा टेक सिंग' या कथेचा आधार घेऊन केलेली त्यांची चलच्चित्ररचना जहांगीर गॅलरीच्या शेजारच्या वस्तुसंग्रहालयांत मांडली गेली. कर्मशाळा १९७२ पर्यंत, म्हणजे जेमतेम तीन वर्षें चालली.

तेथें पदमसींनीं स्वतः दोन लहान चित्रपट केले. एकाचें नांव 'सिझिजी'. हा ज्योतिषांतील शब्द आहे. सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेंत येणें, म्हणजे आपल्या पंचांगांतील अमावास्या आणि पौर्णिमा. सुमारें हजार रेखाटनें हातानें काढून, एकामागून एक चित्रित करून हा अकरा मिनिटांचा मूकपट तयार झाला. त्यांत गोष्ट नाहीं, माणूस नाहीं. रेषा आहेत, बिंदू आहेत आणि त्यांस जोडणारें गणित आहे. सचेतपटाचे जाणकार राम मोहन यांची त्यांस मदत होती. खरें सांगावयाचें तर हा चित्रपट पाहणें सोपें नाहीं. पहिल्या दोन मिनिटांत मन कथानक शोधूं लागतें, आणि तें मिळत नाहीं म्हणून चिडतें. पण भजनांत जसा ठेका एकदां अंगांत भिनला कीं शब्दांची वाट पाहावी लागत नाहीं, तसें पुढें कांहींसें होतें.

दुसऱ्या चित्रपटाचें नांव 'इव्हेंट्स इन ए क्लाउड चेंबर'. क्लाउड चेंबर ही पदार्थविज्ञानांतील एक पेटी. तिच्या आंत दमट वाफ कोंडलेली असते. डोळ्यांस न दिसणारा अणूचा कण तींतून गेला कीं त्याच्या वाटेवर धुक्याची एक बारीक रेघ उमटते आणि क्षणांत विरून जाते. कण दिसत नाहीं. तो गेल्याची खूण दिसते. पदमसींनीं आपल्याच एका तैलचित्राचे आकार व रंग प्रकाशाच्या झोतांनीं पडद्यावर पुन्हां उभे केले, त्यांस गीता साराभाई यांच्या इलेक्ट्रॉनिक ध्वनीची जोड दिली, आणि तें चित्रित केलें. त्याची प्रत एकच होती. ती एका प्रदर्शनासाठीं दिल्लीस गेली आणि हरवली.

या चित्रपटावर कोणी खटला भरला नाहीं. कोणी आक्षेप घेतला नाहीं, तो उतरवा असें कोणी सांगितलें नाहीं. ज्या दोन चित्रांवर पोलिसांची नजर पडली त्यांची कथा न्यायालयाच्या दप्तरांतून कलेच्या इतिहासांत गेली; ज्या चित्रपटाकडे कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं तो पेटीसकट नाहींसा झाला. पुढें पुष्कळ वर्षांनीं अशीम अहलुवालिया या दिग्दर्शकानें वृद्ध पदमसींस सोबत घेऊन, त्यांच्या आठवणींच्या आधारें, तो नव्यानें करण्याचा प्रयत्न केला, आणि त्या प्रयत्नाचाच एक चित्रपट २०१६ सालीं पुरा झाला. त्यांत मूळ चित्रपट परत आला असें म्हणतां येणार नाहीं. आठवण परत आली.

पदमसी २०२० च्या जानेवारींत वारले. त्याआधीं त्यांनीं छायाचित्रें केलीं, संगणकावर चित्रें केलीं, आणि ज्या सरकारनें त्यांच्यावर खटला चालवला त्याच देशाच्या सरकारनें २०१० सालीं त्यांस पद्मभूषण दिलें. आतां ही कथा संपली असें कोणासही वाटेल. पण २०२३ सालीं विदेशांतील लिलावांतून विकत घेतलेल्या सात कलाकृति मुंबईंत आल्या. चार सूझा यांच्या, तीन पदमसींच्या. त्यांत एक विवस्त्र आकृतीचें रेखाटन होतें आणि छायाचित्रें होतीं. जकात अधिकाऱ्यांनीं त्या अश्लील ठरवून अडवून ठेवल्या. त्यासाठीं आधार घेतला तो १९६४ सालच्या एका सरकारी अधिसूचनेचा. सात कृति जप्त करण्याचा हुकूम निघाला तो १ जुलै २०२४ रोजीं. आणि योगायोग असा कीं, त्याच दिवशीं जुनें दंडविधान, त्याच्या २९२ व्या कलमासह, जाऊन त्याच्या जागीं भारतीय न्याय संहिता अमलांत आली. सूझा २००२ सालीं वारले होते, पदमसी २०२० सालीं. दोघांपैकीं कोणालाही हुकूम बजावण्याची सोय नव्हती.

ऑक्टोबर २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तो हुकूम रद्द केला. प्रत्येक विवस्त्र चित्र अश्लील नसतें, अधिकाऱ्यानें जाणकारांचीं मतें विचारांतच घेतलीं नाहींत, असें न्यायालयानें सांगितलें, आणि दोन आठवड्यांच्या आंत कलाकृति मालकाच्या हवालीं करण्यास फर्मावलें. पदमसींच्या बाजूनें याच न्यायालयानें दिलेल्या पहिल्या निकालाला तेव्हां सत्तर वर्षें होत आलीं होतीं.

ही सारी हकीकत मी तात्यांस सांगितली. त्यांनीं ती सुपारी कातरतां कातरतां शेवटपर्यंत ऐकून घेतली. वेरुळाच्या अपवादाची गोष्ट त्यांस पटली. जकातीची ऐकून ते हंसले. मग बराच वेळ कांहीं बोलले नाहींत, आणि शेवटीं म्हणाले, "तीं चित्रें सुटलीं, बरें झालें. पण तो दिल्लीला गेलेला चित्रपट? त्याच्या शोधाला कोणी गेलें कीं नाहीं?"